जुना कॅसेट डेक आणि दादाच्या रॉक कॅसेटी: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

डेक जपानी आहे, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातला. दोन हेड (टेपवर आवाज भरणारा-वाचणारा भाग आणि पुसणारा भाग), टेपची सरसर कमी करणारं डॉल्बी बी आणि सी दोन्ही, ऑटो रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न काढता आपोआप दुसरी बाजू वाजवणं, नाही. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण पस्तीस-चाळीस वर्षांच्या मशीनचं नावावरून काही कळत नाही. एकच मॉडेल एकाकडे सुरळीत चालतं आणि दुसऱ्याकडे टेप खातं. तो नग कुणी, कुठे, कसा ठेवला होता, यावर सगळं ठरतं.

घेतला तो इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरच्या घरात पडून असलेल्या दादाच्या कॅसेटींसाठी. पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, लेड झेपलिन, डायर स्ट्रेट्स. काही एचएमव्ही, सीबीएस, म्युझिक इंडिया, नंतर मॅग्नासाउंड अशा कंपन्यांच्या छापील. बाकीच्या कोऱ्या कॅसेटवर दुकानातून भरून आणलेल्या. तेव्हा दुकानात यादी आणि कोरी कॅसेट देऊन यायची आणि दोन-चार दिवसांनी भरलेली घेऊन यायची. सी-नव्वद, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं असतात आणि सत्तरच्या दशकातला बहुतेक एलपी तेवढ्यात अख्खा बसतो. त्यामुळे दादाच्या संग्रहात एका कॅसेटला एका बाजूला एक बँड, दुसऱ्या बाजूला दुसरा, अशा जोड्या आहेत. माझ्या डोक्यात त्या जोड्या अजून सुटलेल्या नाहीत. डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ संपला की पलीकडे ईगल्सचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, हे मला आजही नैसर्गिकच वाटतं.

डेक आणला तेव्हा दिवे लागत होते, मोटर फिरल्याचा आवाज येत होता, पण कॅसेट जागची हलत नव्हती. हे मोटरची फिरकी पुढे पोचवणाऱ्या रबरी बेल्टचं दुखणं. जेल रोडला टेप दुरुस्त करणारे आता मोजकेच राहिलेत. त्यातल्या एका वयस्क उस्तादांकडे घेऊन गेले. त्यांनी झाकण काढलं, आत बोट घातलं आणि डांबरासारखी काळी तार बोटाबरोबर वर आली. “दीदी, बेल्ट पिघल गया है. पहले ये सब निकालना पड़ेगा, वरना नया डालने का कोई मतलब नहीं.” मग फ्लायव्हीलच्या, म्हणजे बेल्टने फिरणाऱ्या जड चाकाच्या, कडेवरून, मोटरच्या छोट्या पुलीच्या खाचेतून, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ते काळं काढत बसले. बोळा पांढरा निघेपर्यंत थांबले नाहीत. खाचेत एक कण जरी राहिला तरी प्रत्येक फेऱ्याला वेग किंचित हलतो आणि लांबवलेला पियानोचा स्वर थरथरतो, हे त्यांनी मला नंतर ऐकवून दाखवलं. जुना बेल्ट वितळलेला, म्हणजे मापाला काही नाही. त्यांनी पुलींभोवती दोरा फिरवून घेर मोजला आणि त्याहून थोडा कमी घेराचा बेल्ट लावायला सांगितलं. तो मी ऑनलाइन मागवला. डेकपेक्षा दुरुस्तीला पैसे जास्त लागले, आणि ते मला योग्यच वाटतात.

बेल्ट बसला की वेग बघावा लागतो. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. त्यासाठी ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट टेप मिळते. ती लावायची, मोबाइलवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं अॅप उघडायचं आणि मोटरच्या मागच्या छिद्रातून बारीक स्क्रू-ड्रायव्हरने आतला वेग बदलणारा ट्रिमर फिरवायचा. टेस्ट टेप येईपर्यंत मी आमची पेटी काढली. ‘स्मोक ऑन द वॉटर’ जी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज पांढरी पाच. डेकवर तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधेच कुठेतरी लागत होता. आईने आतून विचारलं, “पेटी खाली उतरलीय का गं?” पेटी बरोबर होती, डेक चढा पळत होता. पुढे टेस्ट टेपनेही तेच सांगितलं. घरात पेटी असेल तर ही तपासणी जरूर करा. मात्र शेवटचा निर्णय टेस्ट टेपवर सोडा, कारण कॅसेट भरतानाच वेग चुकलेला असू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अॅझिमथ. हेडच्या शेजारी स्प्रिंग लावलेला एक स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो. हेडची फट टेपच्या प्रवासाला बरोबर काटकोनात नसेल तर वरचे सूर, म्हणजे झांजा, गिटारच्या तारेवरची नखी, गायकाचा ‘स’, सगळं मिटतं. छापील कॅसेटी कारखान्यात अनेक पट वेगाने भरल्या जात, आणि त्यातल्या कित्येकींचा कोन एकमेकींशी जुळत नाही. अॅम्प्लिफायर मोनोवर ठेवायचा, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र होतो, झांजा वाजतायत अशी जागा लावायची आणि स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो. मी पहिल्यांदा ते केलं तेव्हा झेपलिनचं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ लावलं होतं. जॉन बॉनमचे ते ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्यापाशी, दारातल्या उंच दालनात ठेवले होते आणि मायक्रोफोन वर जिन्यावरून खाली सोडले होते. स्क्रू बरोबर जागी आल्याबरोबर ती खोली ऐकू आली. तोवर नुसते ढोल ऐकू येत होते. आता त्यांच्या डोक्यावर छत होतं.

डॉल्बीबद्दल लोक म्हणतात, “बंदच ठेवा, आवाज दबतो.” मी हे मानत नाही. डॉल्बी बी लावून भरलेल्या कॅसेटमध्ये हळू आवाजातले वरचे सूर वाढवून भरलेले असतात, आणि वाजवताना ते तेवढेच खाली आणले की टेपची सरसरही त्यांच्याबरोबर खाली जाते. पण अॅझिमथ बिघडलेलं असेल तर वरचे सूर आधीच कमी पोचतात, डॉल्बीला वाटतं आवाज हळू आहे, आणि ते आणखी दाबतं. दोष कोनाचा असतो, शिव्या डॉल्बी खातं. म्हणून आधी स्क्रू, मग डॉल्बी. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची सुरुवात यासाठी उत्तम कसोटी आहे. १९७३ चा हा अल्बम शांततेतून हळूहळू वर येणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो. डॉल्बी बंद असताना पहिले काही ठोके सरसरीत बुडतात. नीट लावलेल्या डेकवर ते अंधारातून एकेक करून येतात आणि पुढच्या ‘टाइम’ गाण्यातली घड्याळंसुद्धा बोथट होत नाहीत. हल्ली नवीन कॅसेट प्लेअर येऊ लागलेत, पण त्यातल्या बहुतेकांत डॉल्बी नसतं. जुन्या छापील कॅसेटी ऐकायच्या असतील तर माझं मत जुना डेक दुरुस्त करून घेण्याच्या बाजूने आहे.

इतकी उस्तवार कशासाठी, असं भाचा विचारतो. फोनवर हेच अल्बम सरसरीशिवाय मिळतात, आणि आवाजाच्या शुद्धतेत कॅसेट त्यांच्या पुढे जात नाही हे मलाही ऐकू येतं. पण या महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली: हे अल्बम दोनदा सुरू होण्यासाठी रचलेले आहेत. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मधल्या त्या शब्दांशिवायच्या गाण्यावर विझते. कॅसेट काढायची, उलटी करायची, प्ले दाबायचं, आणि शांततेतून नाणी पडतात: ‘मनी’. नाण्यांचा खळखळाट, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याची घंटी, असे टेपचे तुकडे मोजून कापून, जोडून ते लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारं वेटोळं, केलेलं होतं, सात मात्रांच्या आवर्तनात. फोनवर ‘ग्रेट गिग’च्या पाठोपाठ लगेच नाणी येतात आणि आधीचं रडणं मनात मुरतच नाही. ‘मशीन हेड’च्या मूळ एलपीवर ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाला, बँडला रेकॉर्डिंगची जागा बदलत फिरावं लागलं, त्याचीच ही गोष्ट. ती मध्यंतरानंतर पडदा उघडावा तशी ठेवली आहे. झेपलिनच्या चौथ्या अल्बममध्ये ‘स्टेअरवे टू हेवन’ पहिल्या बाजूच्या शेवटी आहे, कारण त्याच्यानंतर लगेच काही वाजवणं शक्य नाही. तिथे टेप संपते, बटण खटकन वर येतं, आणि आपण थोडा वेळ उठत नाही.

याच कारणासाठी मला ऑटो रिव्हर्स नको होतं. शिवाय उलट्या दिशेला अॅझिमथ राखणं त्या यंत्रणेला अवघड जातं.

पिंक फ्लॉइडचा ‘विश यू वर हियर’ मी सगळ्यात जास्त ऐकला. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये गायकाचा आवाज यायला साधारण साडेआठ मिनिटं लागतात. दादाच्या मित्रांना तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं, आमच्या घरात कुणालाच नाही. बाबांकडे उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा सतत असायचा, खाँसाहेब इंदूरचेच. अतिविलंबित लय, बढत, म्हणजे एकेका स्वराशी थांबणं, पुढचा स्वर यायच्या आधी त्याची वाट बघायला लावणं, हे आमच्या कानांना जेवणाइतकं रोजचं होतं. बाबांनी गिटारचे ते चार स्वर ऐकून एवढंच विचारलं होतं, “हा बढत करतोय का रे?” दादा म्हणाला, “हो बाबा.” बाबा दारात उभे राहून पूर्ण ऐकून गेले. रॉकविषयी माझ्याशी कुणी वाद घातला तर मी त्याला अजून हीच बाजू लावून देते, बी साइड नंतर.

डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ असेल तर कॅसेट जपा. १९८५ च्या त्या एलपीवर जागा पुरावी म्हणून पहिल्या बाजूची गाणी छोटी केली होती. सीडी आणि कॅसेटवर ती पूर्ण लांबीची आली. ‘मनी फॉर नथिंग’ इथे आठ मिनिटांच्या वर जातं. एलपीवाले मित्र ऐकायला आले की मी ही लावते, आणि ‘व्हाय वरी’चा शेवटचा तुकडा बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेला असतो.

त्रासाचंही लिहायला हवं. पावसाळ्यात बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले की ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालूच नये. बुरशी हेडवर आणि रबराच्या रोलरवर उतरते आणि पुढच्या कॅसेटला लागते. अशा कॅसेटींसाठी मी एक मोडका प्लेअर वेगळा ठेवलाय, त्यात कोरड्या मऊ कापडावरून टेप फिरवून घेते. बाकीच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. दुसरं, टेपमागचा तो इवलासा नमद्याचा तुकडा. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुकतो आणि तो निखळतो. मग टेप हेडला नीट चिकटत नाही आणि आवाज येतो-जातो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटचा तुकडा बसवता येतो. चिकटवलेली असेल तर आतला माल दुसऱ्या खोक्यात हलवावा लागतो, आणि तेव्हा पंखा बंद करून बसा. तिसरं, बरीच वर्षं न वाजलेली कॅसेट डेकवर सुसाट रिवाइंड करू नका. टोकाच्या पारदर्शक पट्टीचा जोड सुकलेला असतो आणि शेवटच्या झटक्याला सुटतो. पहिली फेरी हाताने.

सी-एकशेवीस विकत घेऊ नका. तिची टेप फार पातळ असते आणि जुन्या डेकमध्ये ताणते, अडकते.

हेड आणि रोलर मी दर काही कॅसेटींनंतर मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते. जुन्या टेपची तपकिरी पूड बोळ्यावर येते. ती येत राहणार.

कॅसेटी कुठे मिळतात, असं बरेच जण विचारतात. इंदूरमध्ये मला सगळ्यात चांगल्या मिळाल्या त्या कबाडीवाल्यांकडे आणि घर बदलणाऱ्या ओळखीच्यांकडे. ऑनलाइन भाव अवाच्या सवा सांगतात आणि बुरशीचा फोटो कधीच टाकत नाहीत, तेव्हा खिडकीचा जवळून फोटो मागा. दादा आता परदेशात असतो. फोनवर त्याने पहिलं विचारलं, “अगं, ती झेपलिनची वाजते का अजून?” वाजते. त्याच्या अक्षरातली गाण्यांची यादी मात्र इनलेवर, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या कागदावर, फिकी पडत चाललीय, म्हणून सगळ्या इनले स्कॅन करून त्याला पाठवायला घेतल्यात.

डेकचा पिंच रोलर, टेप पुढे सरकवणारा तो रबराचा रोलर, चकाकायला लागलाय, म्हणजे रबर कडक झालं. उस्तादांनी व्यास आणि रुंदी मोजून कागदावर लिहून दिलीय. पावसाळ्याआधी तो बदलून घेणार आहे.