सिस्टर्स ऑफ बॅटल की ब्लॅक टेम्प्लर्स? श्रद्धाळूंची आर्मी निवडताना

वॉरहॅमर ४०,००० या छोट्या मॉडेल्सनी टेबलवर खेळायच्या युद्धखेळात मानवजातीच्या सम्राटाला देव मानून लढणारी आर्मी उभी करायची, असं एकदा मनाने घेतलं की बहुतेकांची गाडी दोन नावांशी येऊन अडते. अडेप्टा सोरोरिटास, म्हणजे आपल्या सिस्टर्स ऑफ बॅटल, आणि ब्लॅक टेम्प्लर्स. दोन्हीकडे मेणबत्त्या, चर्मपत्रं, साखळदंड, झगे आणि आगीचे फवारे आहेत. कोणाची टफनेस (मार सोसायची ताकद) किती, कोणाला किती वूंड्स (किती घाव झेलता येतात) हे तुम्ही कोडेक्समध्ये, म्हणजे आर्मीच्या नियमपुस्तकात, बघालच, ते इथे पुन्हा लिहीत नाही. टेम्प्लर्स मी बराच काळ खेळलो आहे, आता सिस्टर्स खेळतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

आधी कथेबद्दल, कारण या दोन आर्म्यांची निवड बरेच जण कथेवरूनच करतात आणि ते योग्यही आहे.

टेम्प्लर्सची कथा सरळ आहे. सम्राटाचा सेनापती होरस याच्या बंडानंतर, इम्पीरियल फिस्ट्स या स्पेस मरीनच्या (अतिमानवी सैनिकांच्या) सैन्यातून वेगळं झालेलं हे चॅप्टर, म्हणजे स्वतंत्र सैन्यदल. पहिला सेनानी सिगिसमुंड. यांना स्वतःचा ग्रह नाही, धर्मयुद्धाची मोहीम हजारो वर्षं अखंड चालू आहे. लायब्रेरियन, म्हणजे मनःशक्तीने लढणारे सायकर, यांच्यात नाहीत, कारण सायकर म्हटला की यांच्या कपाळाला आठी. बहुतेक स्पेस मरीन सम्राटाला थोर पुरुष मानतात, हे त्याला देव मानतात. त्यांचा सेनानी हेल्ब्रेख्ट आणि धर्मगुरू ग्रिमाल्डस ही दोन नावं तुम्ही ऐकलीच असतील. सगळं भव्य आहे, पण एकाच सुरात आहे.

सिस्टर्सची कथा मात्र गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त भिडते. छत्तिसाव्या सहस्रकात गोज व्हॅन्डायर नावाच्या माणसाने इम्पीरियमची, म्हणजे मानवाच्या साम्राज्याची, राज्यव्यवस्था आणि धर्मपीठ दोन्ही आपल्या मुठीत घेतली. सॅन लिऑर ग्रहावर सम्राटाच्या भक्तीत राहणाऱ्या लढवय्या स्त्रियांचा एक पंथ होता. व्हॅन्डायर त्यांच्यासमोर गेला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडायला लावली. गळ्यातल्या रोझॅरियस या ताइताच्या संरक्षक कवचाने तो वाचला आणि त्या बायकांना तो सम्राटाचा कृपापात्र वाटला. पुढे कितीतरी काळ त्या त्याच्याच अंगरक्षक होत्या. शेवटी अ‍ॅलिशिया डॉमिनिका आणि तिच्या पाच सहकारिणींना खुद्द सम्राटाच्या सुवर्णसिंहासनासमोर नेण्यात आलं. तिथे काय घडलं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. परत आल्यावर डॉमिनिकाने व्हॅन्डायरचं मुंडकं उडवलं.

त्यानंतर सेबॅस्टियन थोर धर्मप्रमुख झाला आणि धर्मपीठाने शस्त्रधारी पुरुष बाळगायचे नाहीत असा हुकूम निघाला. स्त्रिया त्या हुकुमात बसत नव्हत्या. आजच्या सिस्टर्स त्याच फटीतून उभ्या राहिल्या. फसवल्या गेलेल्या, त्याच फसवणाऱ्याला संपवणाऱ्या आणि त्यानंतरही श्रद्धा न सोडणाऱ्या. डॉमिनिका आणि तिच्या पाच जणींचा वारसा आजचे सहा मोठे संघ चालवतात. टेबलवर मांडलेल्या आर्मीमागे इतका इतिहास असला की हरतानाही खेळात गोडी राहते.

रंगकामाबद्दल दोन्हीकडच्या लोकांच्या तक्रारी असतात. टेम्प्लर्सचं काळं चिलखत सोपं दिसतं, पण खरी परीक्षा खांद्याच्या पांढऱ्या पॅडवर होते. काळ्या प्रायमरवर पांढरा रंग एका हातात कधीच बसत नाही. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, परत थर द्यायचा. घाई केली की पॅडच्या उंचावलेल्या कडेपाशी रंग साचतो आणि वाळल्यावर तिथे खडूसारखी खरबरीत रेघ उरते. मग त्या गोल पृष्ठभागावर काळ्या क्रॉसचं ट्रान्सफर लावायचं. ते सपाट कागदावर छापलेलं, त्यामुळे वाकताना चारही टोकांना सुरकुती पडते. ट्रान्सफर मऊ करणारं द्रावण लावून, ओल्या ब्रशने मधून बाहेर दाबत न्यावं लागतं. एका मरीनला हे जमतं. वीस जणांच्या क्रुसेडर स्क्वाडला करताना मान मोडते.

सिस्टर्समध्ये त्रास वेगळा आहे. भाग बारीक आणि पुष्कळ, चेहरे उघडे, त्यामुळे डोळे रंगवण्यावाचून सुटका नाही. प्रायश्चित्त म्हणून लढणाऱ्या रिपेन्शियांच्या अंगावर चिलखत जवळपास नाहीच, त्वचा आणि अंगाला बांधलेली चर्मपत्रं दोन्ही नीट करावी लागतात. पण संघ निवडायचं स्वातंत्र्य तुमच्या हातात असतं. काळ्याचा कंटाळा असेल तर ब्लडी रोजचं लाल चिलखत घ्या, पांढऱ्यावर हात बसला असेल तर सेक्रेड रोज. मी आर्जेंट श्राउड घेतला: चंदेरी स्प्रे, वर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), कडांना पुन्हा थोडी चंदेरी. टेबलवर हातभर अंतरावरून उत्तम दिसतं. अवर मार्टर्ड लेडीचं काळं चिलखत, लाल झगा आणि पांढरे केस हे मात्र सगळ्यात देखणं, हे मान्य करायलाच हवं.

मॉडेल्सच्या संख्येत टेम्प्लर्स पुढे आहेत, यात वाद नाही. त्यांना स्पेस मरीनचं बहुतेक सगळं भांडार खुलं असतं आणि २०२१ मध्ये त्यांची स्वतःची नवी मॉडेल्सही आली. सिस्टर्सचा पहिला कोडेक्स १९९७ चा, आणि त्यानंतर वीसहून जास्त वर्षं त्यांचे चाहते जड धातूच्या मॉडेल्सवर दिवस काढत होते. प्लास्टिकची आर्मी २०१९ च्या अखेरीस आली. आज त्यांची श्रेणी छोटी आहे पण भरीव आहे. ऑर्गनच्या नळ्यांतून क्षेपणास्त्रं सोडणारा एक्सॉर्सिस्ट रणगाडा दुसऱ्या कोणत्याही आर्मीत सापडणार नाही. तो पहिल्यांदा जोडताना मी त्या कळफलकापाशी बसलेल्या सिस्टरकडेच बघत बसलो होतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. ती म्हणजे चार्जचं, म्हणजे शत्रूवर धावून जाण्याचं, दान.

टेम्प्लर्सचा सगळा जीव हातघाईच्या लढाईत. शत्रूपर्यंत पोचलात तर तुम्ही जिंकता, न पोचलात तर उघड्यावर उभे राहून गोळ्या खाता. आणि पोचायचं की नाही हे दोन फासे ठरवतात. रिझर्व्हमधून, म्हणजे खेळ सुरू झाल्यावर मागाहून, टेबलवर उतरलेल्या तुकडीला सहसा नऊचं दान लागतं. दोन फाशांवर नऊ किंवा जास्त पडायची शक्यता ३६ पैकी १०. कमांड रि-रोल वापरून फासे पुन्हा टाकले तरी ती निम्म्याच्या आतच राहते. म्हणजे अख्खी लढाई आखायची, जड चिलखतातले टर्मिनेटर्स नेमक्या जागी उतरवायचे, प्रतिस्पर्ध्याचा सेनापती हाताच्या अंतरावर आणायचा आणि शेवटी दोन-तीनचं दान. माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालं की चार्जची वेळ आली की मला खेळाचा आनंद वाटायच्या जागी धाकधूक वाटायला लागली. रोज तसंच होतं असं मी म्हणत नाही, हिशेब मांडला तर कदाचित माझी दानं सरासरीच निघतील. पण लक्षात तेवढीच राहतात. लँड रेडर या सैनिक वाहणाऱ्या रणगाड्यातून स्वोर्ड ब्रेदरन हे हातघाईचे योद्धे उतरवले तर अंतर कमी होतं हे खरं, मग प्रतिस्पर्धी सगळ्यात आधी लँड रेडरच फोडतो.

सिस्टर्सकडे यावर मिरॅकल डाइस आहेत. नियमांची आवृत्ती साधारण दर तीन वर्षांनी बदलते आणि बारकावे बदलतात, पण गाभा असा की खेळात तुम्हाला फासे मिळत जातात, ते मिळाले की टाकून जे पडेल ते बाजूला ठेवायचं, आणि गरज पडेल तेव्हा एखाद्या दानाऐवजी तो ठेवलेला आकडा वापरायचा. बाजूला सहा पडून असेल तर त्या नऊच्या चार्जसाठी दुसऱ्या फाशावर फक्त तीन लागतात. ३६ पैकी १० ची शक्यता थेट दोन-तृतीयांश होते. तोच सहा जड शस्त्रं वागवणाऱ्या रेट्रिब्युटर्सच्या मल्टी-मेल्टा या रणगाडाफोड शस्त्राच्या डॅमेजवर ठेवला तर रणगाडा गेलाच म्हणून समजा.

आणि यात माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग असा: तुमची एखादी तुकडी पूर्ण कापली गेली की त्या बदल्यातही फासा मिळतो. हौतात्म्य व्यर्थ जात नाही हे कथेत वाचायला मिळतंच, इथे ते टेबलवर घडतं. टेम्प्लर्सची श्रद्धा शपथेत आहे. लढाईच्या सुरुवातीला एक शपथ निवडायची आणि ती पुढे पाळायची. ती शपथ बळ देते, पण ऐन वेळी दानाचा आकडा तुमच्या हातात देत नाही. सिस्टर्सची श्रद्धा हातात धरता येते, साठवता येते, योग्य क्षणी खर्च करता येते. साध्या मानवी देहाच्या बायका अतिमानवी मरीन्सच्या बरोबरीने उभ्या राहतात त्या याच जोरावर, असं मला वाटतं.

याची किंमतही आहे. फासा दान टाकण्याआधी वापरायचा असतो, दान बघून मग नाही. म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी थांबून विचार करावा लागतो, आणि काही लोकांना त्याने डोकं भणभणतं. एक-दोन पडलेले फासे साठत राहतात आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न छळतो. चुकीच्या तुकडीवर सहा उधळला तर तो परत येत नाही. शिवाय सिस्टर्स पटापट मरतात. आपला प्रत्येक सैनिक जपणाऱ्या खेळाडूला हे फार लागतं. अशांनी टेम्प्लर्सच घ्यावेत. दोन वूंड्सचा मरीन चुका पोटात घालतो आणि पहिल्या वर्षात ते फार उपयोगी पडतं. ज्यांना चार्जच्या थरारातच मजा वाटते त्यांनाही माझी तक्रार कदाचित पटणार नाही. तेही बरोबरच आहे.

बाकीच्यांनी माझ्या मते सिस्टर्सकडे झुकावं. सुरुवातीला दहा जणींची बॅटल सिस्टर्सची तुकडी, रेट्रिब्युटर्स, त्यांना वाहून न्यायला इम्मोलेटर आणि एक कॅनोनेस, म्हणजे सेनानायिका, एवढं पुरतं. सेंट सेलेस्टाइन कितीही खुणावली तरी थोडी नंतर घ्या, तिचे पंख आणि उंच आधार रंगवायला हात आधी तयार झालेला बरा. आणि मिरॅकल डाइससाठी इतर फाशांपेक्षा वेगळ्या रंगाचे फासे आणि एखादी छोटी ताटली ठेवा. नाहीतर ऐन रंगात आलेल्या खेळात तुमचा जपून ठेवलेला सहा बोल्टर बंदुकीच्या फाशांबरोबर उचलला जातो.