"दोन नंबर मोठे घ्या ताई" : फिगर स्केट घेताना अशी होते फसवणूक

उन्हाळी शिबिरं सुरू व्हायच्या आठवड्यात नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) फिगर स्केट, म्हणजे गिरक्या-उड्यांचे स्केट, घ्यायला गेलात की हे वाक्य हमखास ऐकू येतं : "दोन नंबर मोठे घ्या ताई, पोरगी वाढते आहे, पुढच्या वर्षीही चालतील." बऱ्याचदा खरी गोष्ट एवढीच असते की पोरीच्या मापाची जोडी दुकानात शिल्लक नसते.

आपल्याकडचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबरांचे झाले १७. एवढी जागा सुटली की टाच आत वर-खाली होते, पाऊल आतल्या बाजूला कलंडतं आणि मग मुलीचा घोटाच कमजोर ठरवला जातो. नागपुरात लागणाऱ्या चार चाकांच्या क्वाडला हे जितकं लागू, तितकंच बर्फावरच्या पात्याच्या बुटालाही.

मोठा बूट दुकानात घट्ट कसा बसतो? अशाच एका जोडीच्या खोक्यावर १ नंबरचं स्टिकर होतं. नखाने खरवडल्यावर खाली ३ निघाला. इनसोल, म्हणजे बुटातला सुटा तळ, उपसलं तर त्याखाली फोमचं दुसरं इनसोल, आणि पंजात कोंबलेला कापूस. हा कापूस थोड्या दिवसांत दबतो आणि बूट ढिला पडतो. तोवर चाकं घासलेली असतात, म्हणजे परत घेणं बंद! म्हणून पायात घालण्याआधी इनसोल बाहेर काढा, हात पंजापर्यंत घाला.

दुसरा घोळ नंबराचाच. अमेरिकन नंबर आपल्यापेक्षा साधारण एकाने मोठा असतो, त्यात फिगरचे बूट रोजच्या चपला-बुटांच्या नंबरावर बसतच नाहीत. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर धरा. एडियासारखी इटालियन कंपनी मापच मिलिमीटरमध्ये छापते. घरी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, पातळ मोजा घालून टाच भिंतीला टेकवा आणि कागदावर उभं राहा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा, दोन्ही पायांचं, आणि पंजाची रुंदीही. जो पाय मोठा, तेच माप.

बूट घालताना नाडी पूर्ण मोकळी ठेवून बोटं पुढे टेकवा. वाढत्या मुलाच्या टाचेमागे पेन्सिल मावावी, बोट मावलं तर बूट मोठा. मोठ्या माणसाला पेन्सिलीचीही जागा नको. मग टाच मागे आपटून नाडी बांधा : पंजावर सैल, पावलाच्या उंचवट्यापासून घोट्यापर्यंत करकचून, वरचे हुक जरा ढिले. गुडघे वाकवले की बोटं पुढून सुटली पाहिजेत. कुणाला तरी बूट जमिनीवर दाबून धरायला सांगा आणि टाच उचलून बघा. उचलली तर नको. पंधरा मिनिटं बूट पायात तसेच राहू द्या. दुकानदार घाई करेल, करू द्या.

साहित्यातही गोम असते. घोट्याची बाजू अंगठ्याने दाबल्यावर कागदासारखी दुमडली तर तो बूट उड्यांना टिकणार नाही. बुटाखाली चाकं जिला जोडतात त्या प्लास्टिकच्या प्लेटवर चंदेरी रंग मारून ती अॅल्युमिनियमची म्हणून विकतात; खालून किल्लीने किंचित खरवडलं की कळतं. लांबी कमी-जास्त होणारे 'ॲडजस्टेबल' म्हणजे फिगर स्केट नव्हेत, कुणी कितीही शपथा घेऊ देत. जुनी जोडी घेताना प्लेट बसवलेल्या जागेशेजारी बुजवलेली भोकं दिसली तर प्लेट आधी एकदा उखडलेली असते.

बिलावर बुटाचं माप मिलिमीटरमध्ये आणि प्लेट कशाची आहे हे लिहून घ्या. "कच्च्यावर देतो, कमी लागतील" याला भुलू नका भाऊ. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार आहे. बिलात मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. तरी नाहीच ऐकलं तर बिल आणि स्टिकरखालच्या नंबराचा फोटो जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते.