फ्लॉरेन्सचं जाकीट: घालून पाहिलं एक, घरी आलं दुसरं

आधीच सांगते, मी चामड्यात अडाणी नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. चप्पल लाईनमध्ये बाबांचं दुकान होतं, आता ते धाकटा भाऊ बघतो. शाळेतून आले की दप्तर गल्ल्याखाली सरकवून मी तिथेच बसायचे. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या कातड्याचा वास मला आजही डोळे मिटून ओळखता येतो. तरीही मी ३६० युरोंना फसले. खरं तर या प्रकारात ‘आपल्याला कळतं’ वाटणारेच जास्त सापडत असावेत. ज्याला काही कळत नाही तो निदान घाबरून तरी असतो.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं पुण्याहून ग्रुप टूरने युरोपला गेलो होतो. फ्लॉरेन्सला मिळाला एकच दिवस, त्यातली सकाळ गाईडची. तिने आम्हाला मेर्कातो नुओवो या जुन्या बाजाराच्या कमानींखाली नेलं. तिथल्या ब्राँझच्या रानडुकराचं नाक सगळ्यांनी रांगेने चोळून घेतलं. मग तिने फरशीत बसवलेला एक गोल संगमरवरी दगड दाखवला. जुन्या काळी दिवाळं काढणाऱ्या व्यापाऱ्याची विजार उतरवून त्याला भर बाजारात त्या दगडावर आपटायचे म्हणे. आमचा ग्रुप खो खो हसला. महागड्या पर्सेसवाली गुच्ची कंपनी मूळची इथलीच, १९२१ ची. बूटवाल्या फेरागामोचं म्युझियम इथेच. परदेशी खरेदीदारांना बोलावून इटालियन फॅशनचा पहिला मोठा शो १९५१ मध्ये भरला तोही याच गावात, मिलानचा बोलबाला नंतरचा. एवढं ऐकल्यावर हात पर्सकडे जातोच.

दुपारी अडीच तास मोकळे होते. “साडेचारला बस सुटणार, कुणासाठी थांबणार नाही,” असं टूर मॅनेजरने तीनदा बजावलं. माझी निम्मी फसवणूक त्या वाक्याने केली असं मी आता म्हणते.

सान लोरेन्झोच्या चर्चजवळ चामड्याच्या वस्तूंचा बाजार भरतो. ओळीने स्टॉल, त्यांवर पट्टे, पर्सेस, जाकिटं टांगलेली. एका स्टॉलवरून हाक आली, “नमस्ते दीदी, मुंबई?” तो माणूस कुठला होता ते मला माहीत नाही आणि त्याला महत्त्वही नाही, पण आठ दिवसांनी परक्या तोंडून हिंदी ऐकलं की माणूस सैल पडतो, मीही पडले. टांगलेल्या जाकिटाला हात लावून मी म्हटलं, हे तर वरून थर दिलेलं आहे. तो हसला. “आपको तो चमड़ा मालूम है. इधर आइए.” आणि आम्हाला मागच्या गल्लीतल्या दुकानात घेऊन गेला. त्या एका वाक्याने मी खूश झाले, हे कबूल करायला आता लाज वाटते.

आत खरोखरच चांगला माल होता. विटकरी रंगाचं, कोकराच्या चामड्याचं जाकीट त्याने काढलं. अशा चामड्याला आपल्या चपलेसारखा हिरड्याचा वास नसतो, ते बहुतेक वेळा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं, तेवढं मला माहीत होतं. मी खिशात बोट घालून शिवणीजवळची कापलेली कड बाहेर ओढून पाहिली. चांगल्या चामड्याची कड धागेदार, मऊ असते. वर प्लॅस्टिकचा थर असेल तर एक बारीक चकचकीत रेघ दिसते. रेघ नव्हती. डाव्या खांद्याच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढा व्रण होता, जनावराला काटा लागून भरून आलेल्या जखमेसारखा. तो पाहून विक्रेता दुसरा नग काढायला लागला. मी म्हटलं, नको, मला हाच हवा. डाग नसलेलं कातडं मला संशयास्पद वाटतं. मग त्याने लायटर पेटवून क्षणभर बाहीखालून फिरवला. या खेळाला भुलू नका. क्षणभराच्या ज्योतीने काहीही सिद्ध होत नाही, आणि तो नग तर अस्सलच होता.

चिठ्ठीवर ७८० युरो. “फक्त आपके लिए” ४५०. मी दारापर्यंत चालत गेले तेव्हा ३६०. नवऱ्याने आरशासमोर माझा फोटो काढला. त्यात मी लढाई जिंकल्यासारखी हसतेय.

बाह्या मात्र बोटांवर येत होत्या. “छोटा कर देंगे, एक घंटा, फ्री.” त्याने खडूने खुणा केल्या, टाचण्या लावल्या आणि पैसे आत्ताच द्या म्हणाला. कार्डाच्या मशीनवर युरो की रुपये असा प्रश्न आला, त्याचं बटण त्यानेच दाबलं, “आपके लिए आसान.” साडेबत्तीस हजारांच्या आसपास व्हायला हवे होते, स्लिप आली ३४ हजार ५०० ची. बटण नेहमी आपण दाबायचं आणि युरोच निवडायचं. टॅक्स-फ्रीचा फॉर्म मागितला तर म्हणे टॅक्स आधीच कापलाय. तिथल्या किमतीत २२ टक्के कर असतो. युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांना ७० युरोंच्या वरच्या खरेदीवर त्यातला काही भाग परत मिळू शकतो, पण दुकानाचा फॉर्म आणि परत निघताना कस्टमचा शिक्का लागतो. फॉर्म द्यायचा म्हणजे विक्रीची नोंद आली. नोंद का नको होती, ते नंतर कळलं.

चार वाजता परत गेलो तेव्हा जाकीट कापडी पिशवीत, पिशवी खोक्यात, खोक्यावर रिबन. मी उघडून दाखवा म्हटलं. त्याने झाकण उचललं, पातळ कागद बाजूला केला. विटकरी बाही, तीच चेन, तेच बक्कल. मी हात लावला नाही. का नाही लावला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नवरा दारात घड्याळ दाखवत उभा होता, एवढंच आठवतं. पळत निघालो. वाटेत सांता क्रोचेचं चर्च लागलं. त्याच्या मागे फ्रान्सिस्कन साधूंनी १९५० मध्ये महायुद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी सुरू केलेली चामड्याची शाळा आहे, तिथे कारागीर डोळ्यांसमोर काम करतात आणि वस्तू विकतही मिळतात. तिची पाटी मी धावता धावता वाचली.

खोकं उघडलं थेट पुण्यात, दहा दिवसांनी. उघडताक्षणी वास आला, नव्या रिक्षाच्या सीटचा. खिशातून कड ओढली: चकचकीत रेघ. गळ्याशी ‘वेरा पेल्ले’, म्हणजे अस्सल चामडं, अशी पट्टी मात्र ऐटीत शिवलेली. दुकानात घातलेल्या जाकिटाचा साइज ४४ होता, हे ४२. म्हणूनच बाह्या बरोबर बसत होत्या. त्यांची शिवण कुणी उसवलीच नव्हती. आणि डावा खांदा अगदी स्वच्छ. मोबाइलमधला फोटो काढून पाहिला. तो समोरून आहे, खांद्याची मागची बाजू दिसतच नाही.

पुढचा भाग थोडक्यात, कारण त्यातून काही हाती लागलं नाही. मिलानला शिकणाऱ्या भाचीला पावतीचा फोटो पाठवला. तिने दाखवलं, खाली बारीक अक्षरांत ‘नॉन फिस्काले’ छापलंय, म्हणजे ती पावतीच नव्हे, नुसता कागद. तिकडे सदोष मालावर दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, पण त्यासाठी खरेदी सिद्ध व्हावी लागते. कार्डाच्या स्लिपवर नाव वेगळं, दुकानाच्या पाटीवर वेगळं. बँकेकडे तक्रार केली. तुम्हीच दुकानात उभं राहून पिन टाकलात आणि माल घेऊन आलात, असं उत्तर आलं. त्यांचंही तसं बरोबरच आहे.

जाकीट कपाटात ठेवलं. एक पावसाळा गेला आणि कोपरांवर पापुद्रे सुटायला लागले.

दिवाळीत ते कोल्हापूरला नेलं. भावाने दुकानात बसून ते उलटं केलं, अस्तर चाचपलं, नाकाशी नेलं. समोर दुरुस्तीला आलेल्या चपलांचा ढीग होता. आमच्याकडे दुरुस्तीचा जोड घेतला की गिऱ्हाइकासमोरच आतल्या बाजूला पेनाने खूण करतात आणि त्याला दाखवतात, जोड बदलला असं उद्या त्याने म्हणू नये म्हणून. बाबा करायचे, लहानपणी मीही शेकड्यांनी केल्या आहेत. भावाने जाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

“अक्का, अस्तरावर आतनं एक फुली मारली असतीस तर?”

मी म्हटलं, पेन पर्समध्येच होतं.