३४० रुपयांचा रिले आणि माझे ४१,६५० रुपये

आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर लाजेपायी शेवटपर्यंत टाळत बसेन. ४१,६५० रुपये. सिंहगड रस्त्याच्या आसपासच्या एका गॅरेजवाल्याने महिन्याभरात हे माझ्याकडून काढले. गाडीत बिघडला होता फक्त रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच. तो नंतर नाना पेठेत ३४० रुपयांना मिळाला.

चालत्या गाडीला हात करून ‘साहेब, खालून ऑइल गळतंय’ म्हणणारे लोक पुण्यात सगळ्यांना माहीत आहेत. अशा माणसांसाठी मी आजवर कधी काच खाली केलेली नाही. इथे मला कुणी रस्त्यात अडवलं नाही. मी स्वतः त्या माणसाकडे गेलो आणि तो बोलला ते सगळं खरं मानलं. माझं रोजचं काम हिशेब तपासण्याचं आहे. लोकांच्या बिलातली दोनशे रुपयांची चूक मला दिसते. म्हणूनच हे जास्त लागलंय.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिला तपासणीला घेऊन निघालो होतो. राजाराम पुलाजवळच्या सिग्नलला उभा असताना टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी तर आधीच्या दोन-तीन दिवसांपासून सिग्नलला गरम हवा द्यायचा आणि गाडी चालती झाली की पुन्हा गार. मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, कसाबसा दवाखाना गाठला. परत येताना आईला रिक्षात बसवलं आणि गाडी बायपासने आणली. वारज्यापासून नवले पुलापर्यंत काटा निम्म्यावर शांत. पुलाखाली गर्दीत अडकलो की लगेच वर.

हे सगळं, अगदी याच क्रमाने, मी त्या गॅरेजवाल्याला सांगितलं. ‘उभी राहिली की तापते, पळाली की थंड होते, आणि एसी पण तसंच करतो.’ हे ऐकून तो क्षणभर गप्प राहिला. तिथे वाकून काम करणाऱ्या शिकाऊ पोराने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो पोराला म्हणाला, ‘तू तिकडची ब्रेकची गाडी घे.’ पोरगा गेला.

तो क्षण मी आता रोज रात्री बघतो. त्या पोराला कळलं होतं. गाडी पळत असताना समोरून वारा रेडिएटरवर येतो, पंख्याची गरज पडत नाही. गाडी उभी राहिली की तो वारा थांबतो आणि सगळी मदार पंख्यावर येते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो, त्यालाही तोच पंखा हवा देतो. म्हणजे दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती आणि ती मी माझ्याच तोंडाने सांगितली होती. शिकाऊ पोराला जे कळलं ते कळूनही मालकाने पोराला बाजूला पाठवलं. मला मात्र ते ‘ब्रेकची गाडी घे’ नुसतं कामाचं बोलणं वाटलं.

मग त्याने खेळ केला. इंजिन तापलेलंच होतं. जाड फडकं घेऊन त्याने कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं. फस्सकन वाफ आली आणि आतलं पाणी बुडबुडे काढत उकळून वर आलं. ‘बघा सर, कॉम्प्रेशनचा गॅस पाण्यात येतोय. हेड गॅस्केट गेलं. अशीच चालवली तर इंजिन सीझ होईल.’ हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारं सील. मी बुडबुडे बघितले आणि घाबरलो. तुम्हीही घाबरला असता. बुडबुडे डोळ्यांसमोर होते.

आता ऐका. कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. दाब असला की पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. तापल्या इंजिनाचं झाकण उघडलंत की दाब एकदम जातो आणि ते उकळणारच, गॅस्केट कोरं करकरीत असलं तरी. तापलेल्या गाडीचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. हात-तोंड भाजतं हे वेगळंच, पण त्याने सिद्धही काही होत नाही. गॅस्केट गेलंय का हे बघायचं तर गाडी पूर्ण थंड झाल्यावर झाकण काढून चालू करा आणि बुडबुडे येतच राहतात का बघा. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधट झालंय का, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय का, ते बघा. टाकीच्या तोंडावर धरायची निळ्या द्रवाची एक नळीही असते. जळालेला गॅस आत असेल तर तो द्रव पिवळा होतो. त्याने यातलं काहीही केलं नाही. मीही विचारलं नाही, कारण हे सगळं मला नंतर कळलं.

‘अठ्ठावीस हजारांत बसवतो’ म्हणाला. पाच दिवसांनी बिल झालं ३४,६५०. बिल म्हणजे वहीचं पान: गॅस्केट सेट ६,४००, हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) ४,२००, वॉटर पंप ३,८५०, थर्मोस्टॅट १,६००, ऑइल आणि फिल्टर २,९००, कूलंट १,२००, मजुरी १४,५००. पक्कं बिल मागितलं तेव्हा म्हणाला, ‘जीएसटी लावला तर १८ टक्के वर चढतील, तुमचंच नुकसान.’ ६,२३७ रुपये वाचतायत म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक, आणि ती मी झाकत नाही. त्यातले २०,००० मी आधीच यूपीआयने दिले होते, उरलेले १४,६५० त्याने रोखच मागितले.

जुने पार्ट दाखवा म्हणालो, एवढी अक्कल तेव्हाही होती. त्याने कोपऱ्यातून एक काळं, जळकं गॅस्केट आणून हातात दिलं. मी ते उलटसुलट करून बघितलं, मान डोलावली आणि परत दिलं. त्याला तीन मोठी भोकं होती. माझी गाडी चार सिलिंडरची आहे! मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनाचं गॅस्केट माझ्या हातात देऊन त्याने माझ्याकडून हजारो रुपये घेतले, आणि मी ते हातात धरून उभा होतो. तीन आणि चार. मला तीन आणि चार मोजता आले नाहीत. माझी बाजू एवढीच की आईच्या ड्रॉप्सची वेळ टळत होती, ऑफिसातून तिसऱ्यांदा अर्धी रजा घेतली होती आणि गॅस्केट हातात धरायची आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. जुना पार्ट नुसता बघू नका, घरी घेऊन या. फोटो काढा आणि नवीन पार्टच्या खोक्यावरचा नंबर लिहून ठेवा.

गाडी मिळाली ती ठीक चालली. फक्त सकाळी थंड गाडीची चावी फिरवली की लगेच पुढे पंख्याचा घरघराट सुरू व्हायचा. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, ‘नवीन गॅस्केट नीट सेट होईपर्यंत पंखा डायरेक्ट ठेवलाय सर.’ थंड इंजिनाला पंखा लागतोच कशाला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी, नवले पुलाच्या कोंडीत, काटा पुन्हा लाल पट्ट्यात. सुदैवाने मी लगेच इंजिन बंद केलं. गाडी टो करायची माणसं त्यानेच पाठवली, २,२०० रुपये. या वेळी म्हणाला रेडिएटर चोक आहे, खोलून साफ केला, ४,८०० रुपये. अकरा दिवस गेले आणि स्वारगेटला पुन्हा तेच.

तेव्हा मेहुण्याने मला ओढून पर्वतीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे नेलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, ‘एसी लावा.’ लावला. ‘पंखा फिरतोय का?’ नाही. बस, तपासणी झाली. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा चालू होतो. घरच्या पार्किंगमध्ये, फुकट, एका मिनिटात हे तुम्ही बघू शकता. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंख्याची मोटर. इंजिन उतरवायची भाषा त्यानंतर. उलट, गाडी उभी असताना ठीक आणि घाटात किंवा वेगातच तापत असेल, तर कूलंट कमी आहे का, रेडिएटर चोक आहे का, थर्मोस्टॅट आणि पंप ठीक आहेत का, तिकडे बघावं.

मग काकांनी रिलेची पेटी उघडली आणि चिमट्याने एक वायरचा तुकडा बाहेर काढला. रिलेच्या जागी पिनांमध्ये खोचलेला, दुसरं टोक इग्निशनवर चालू होणाऱ्या फ्यूजला लावलेलं. बारीक वायर, पंख्याचा करंट तिला झेपला नव्हता. वरचं प्लास्टिक वितळून ती सैल झाली होती. म्हणजे बिघाड कुठे आहे हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माहीत होतं म्हणूनच तिथे वायर खोचली. नवीन रिले टाकला असता तर गाडी कायमची बरी झाली असती आणि मी परत गेलोच नसतो.

काकांनी मग बॅटरी मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे) नट दाखवले. सगळे गंजलेले, पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. हेड उतरवायचं तर सहसा मॅनिफोल्ड सोडवावा लागतो. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर वर्षानुवर्षांचा मळ तसाच होता. वॉटर पंप कंपनीतून आलेलाच. हेड कधी उतरलंच नव्हतं. ४,२०० रुपयांचं फेसिंग कुणाच्या हेडचं केलं, ते तोच जाणे. ‘साहेब, अशीच अजून दोन-तीनदा तापली असती ना, तर गॅस्केट खरंच गेलं असतं,’ काका म्हणाले. त्यांनी रिले, सॉकेटची पिन आणि मजुरी मिळून १,००० रुपये घेतले आणि जास्त देऊ केले ते परत केले.

मी त्या गॅरेजवर गेलो. ‘नट तुम्ही बाहेर बदलून घेतले असतील,’ म्हणाला. मग आवाज चढवून, ‘बिल दाखवा ना आमचं.’

खरा संताप पुढे आहे. पोलीस चौकीत गेलो. कागद न वाचताच सांगितलं, ‘गाडी परत मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी विषय आहे.’ मी म्हणालो, न केलेल्या कामाचे पैसे खोटा पार्ट दाखवून घेणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. त्यावर ‘तुम्ही वकील आहात का?’ दुसऱ्या खेपेला अर्ज लिहून नेला तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला कळलं की रस्त्याची ती बाजू या चौकीच्या हद्दीतच नाही. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? पलीकडच्या चौकीने मला पुन्हा इकडे पाठवलं. अर्जाच्या प्रतीवर पोचचा शिक्का मारा म्हटलं तर ‘शिक्का साहेबांकडे.’ चार अर्ध्या रजा गेल्या. चोर एका जागेवर, रोज सकाळी नऊला शटर वर करून बसतो. त्याच्याकडे जायला यांना एक माणूस मोकळा नाही आणि मी मात्र कामधंदा सोडून यांच्या बाकड्यांवर बसायचं. वाहनांशी संबंधित एका सरकारी कार्यालयात विचारलं, तर गॅरेज हा आमचा विषय नाही. विमा कंपनीला फोन केला, तर यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाही. तेवढं खरं आहे, नेहमीच्या पॉलिसीत तो येतच नाही. पण मी दुरुस्तीचे पैसे मागत नव्हतो, असे प्रकार कुठे नोंदवता येतात एवढंच विचारत होतो. तिकडून फोन ठेवला. प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे असं बघितलं जातं की जणू मीच काहीतरी लपवतोय. ‘शिकलेले दिसता, मग एवढे पैसे दिलेच कसे?’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं.

शेवटी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ स्वतः वाचून काढला. तुमच्यावर अशी वेळ आली तर चौकीच्या बाकड्यावर महिना घालवू नका. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, गॅरेजच्या हद्दीचा प्रश्नच येत नाही. तुम्ही दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि वहीचं ते पान जपून ठेवा, फाडू नका. मी रागाच्या भरात फाडणार होतो, बायकोने हातातून काढून घेतलं.

तक्रार मागच्या सोमवारी दाखल केली. ४१,६५० परत आणि मनस्तापाचे वेगळे, असं मागितलंय. मॅनिफोल्डचे फोटो होतेच, तरी काकांनी काय दिसलं ते स्वतःच्या हाताने लिहून सही करून दिलं. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती. वायरचा तो जळका तुकडा झिप लावलेल्या पिशवीत घालून आईच्या औषधांच्या कप्प्यात ठेवलाय. तारीख पडली की घेऊन जाणार आहे.