जुन्या पिकअपसाठी घेतलेला मल्टिमीटर : मीटर चांगला, तारा टाकाऊ

दिवाळीनंतर घेतला होता. पाऊस लागला तरी अजून गाडीतच असतो. साधा डिजिटल मीटर, पाच-सहाशेतला, २० व्होल्ट डीसीची रेंज, तार जोडलेली असली की वाजणारा बझर आणि १० अँपिअरपर्यंत करंट मोजायचं भोक. घ्यावा का? जुनी डिझेल गाडी असेल तर नक्की घ्यावा. पण सोबत येणाऱ्या तारांनी मला जेवढा मनस्ताप दिलाय, तेवढा त्या गाडीनेही दिला नसेल.

एप्रिलमध्ये नारायणगाव मार्केटला निघायचं होतं. टोमॅटोचे क्रेट भरून झाले, दोरी आवळली आणि किल्ली फिरवली तर नुसतं 'टक'. लाइट झगझगीत, हॉर्न कडक, सेल्फ मात्र घेईना. माल भरलेल्या गाडीला धक्का कोण देणार? वायरमन आला, आवाज ऐकला आणि निकाल देऊन मोकळा झाला, "दादा, सेल्फ गेलाय. खोलत बसू नका, नवाच टाका." म्हटलं, आधी मोजू द्या. त्याच्या आधी महिनाभर एक बॅटरीवालाही बॅटरी बदला म्हणून मागे लागला होता. गाडी जुनी दिसली की सगळ्यांना मालकाचा खिसा दिसतो.

बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट. म्हणजे फुल. भाच्याला किल्ली मारायला लावली तर ११.६. खरी गंमत इथेच आहे. सेल्फने जोर लावला की बॅटरी साधारण १० च्या आसपास उतरते, ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथे ती उतरतच नव्हती. म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडत होता, नाहीतर सेल्फच तो घेत नव्हता.

मग अर्थिंग, म्हणजे इंजिनाकडून बॅटरीच्या मायनसला करंट परतायची वाट, बझरवर लावून पाहिलं. छान वाजलं. डिसेंबरात कुणी विचारलं असतं तर या बझरला मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. आता देणार नाही. केबलच्या दहा धाग्यांतला एक शाबूत असला तरी बझर वाजतो, कारण मीटर त्यातून अगदी नगण्य करंट सोडतो. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. २०० अँपिअर वाहताना ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळासुद्धा २ व्होल्ट खातो, आणि एवढा अडथळा या मीटरला ओहमवर दिसत नाही.

म्हणून मीटर व्होल्टवर आणला. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर (टर्मिनलवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटावर), दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टवर. आणि इथे त्या तारा! हातभर लांबीच्या, पोचतच नाहीत. शेवटी घरातल्या वायरचा तुकडा जोडला. किल्ली मारली, ४.३ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर काही दिसायलाच नको. सेल्फच्या वाट्याला जेमतेम सात उरत होते. तेवढ्यात भाचा ओरडला, "मामा, अॅक्सिलेटरची केबल तापलीय!" बरोबरच आहे. मुख्य वाट बंद झाली की करंट मिळेल त्या वाटेने परततो.

गाडीखाली गेलो. गिअरबॉक्सवरून चासीला जाणारी अर्थची विणलेली पट्टी हिरवी पडली होती, बोट लावलं की भुगा. जाड केबल आणली, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने लखलख केली, बोल्ट आवळला. खर्च तीनशेच्या आत. पुन्हा मोजलं तर ०.१५, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू. नव्या सेल्फचे हजारो रुपये वाचले, मालही त्याच दिवशी गेला.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी मीटरचा उपयोग कमी. तिथे आधी डिझेल लाइनमध्ये एअर धरली का, फिल्टरमध्ये पाणी आलं का, ते बघायचं. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे) मात्र ओहमवर चांगले तपासता येतात. त्यांना जोडणारी वरची पट्टी काढून एकेक मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. पण मीटरसोबत आलेल्या तारा एकमेकींना टेकवल्या तरी कधी ०.४ दाखवायच्या, कधी २. मग एक ओहमचा प्लग मोजायचा कसा? कंपनीला कळवलं. उत्तर आलं, तारा वॉरंटीत बसत नाहीत. तारांशिवाय मीटर काय कामाचा, हे विचारलं, त्यावर अजून उत्तर नाही.

एक काळजी घ्या. १० अँपिअरच्या भोकात तार घालून मीटर बॅटरीच्या वाटेत मधे (सिरीजमध्ये) जोडला असेल तर किल्लीला हात लावू नका. फ्यूज उडेल, आणि काही स्वस्त मीटरच्या त्या भोकाला फ्यूजच नसतो.

मी पुण्याला पासोड्या विठोबाजवळून जाड सिलिकॉनच्या तारा आणल्या, मीटरभर लांब. रीडिंग आता हलत नाही. घ्याल तेव्हा सोबत क्रोकोडाइल क्लिपही घ्या. तारा खालच्या पंख्याच्या, पट्ट्याच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने क्लिप लावा, मीटर काचेजवळ ठेवा आणि सेल्फ मारता मारता आकडा बघा, दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही.