रोजच्या लिखाणासाठी कॅमलची रॉयल ब्लू शाई

रोज एक पान लिहायचे आणि काहीही झाले तरी खंड पडू द्यायचा नाही, असा महिन्याभराचा नेम या पावसाळ्यात मी पूर्ण केला. विषय अगदी साधे होते : लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकून जागा देणारी अनोळखी बाई, भाजीवालीने न मागता पिशवीत घातलेला कढीपत्ता, पाणी यायच्या वेळेभोवती फिरणारी आमच्या इमारतीची सकाळ. हे सारे मी आधी वहीत, फाउंटन पेनने लिहिले. त्यासाठी वापरलेल्या कॅमलच्या रॉयल ब्लू शाईबद्दल मनापासून चांगले लिहावेसे वाटते, कारण नेम तडीस जाण्यात तिचा वाटा मोठा आहे.

शाई निवडताना आपण बहुधा रंग पाहतो. रोज लिहिणाऱ्याने मात्र ती पेनातून कशी उतरते हे आधी पाहावे. निबेखालच्या जिभेला बारीक चरे असतात. त्यांतून शाई केशाकर्षणाने निबेच्या चिरेपर्यंत येते आणि तिची जागा घ्यायला हवा उलट वाटेने टाकीत शिरते. शाई आटून दाट झाली किंवा तिचा रंग चऱ्यांत साचला की ही ये-जा अडते. रात्री जेवणे आटोपल्यावर लिहायला बसावे आणि पेन झटकण्यातच वेळ जावा, तर दिवसभर मनात धरून ठेवलेले वाक्य तेवढ्यात निसटते. ही शाई पातळ आहे, निबेला टोपण नीट लावलेले असले तर दुसऱ्या दिवशी पहिल्याच अक्षराला उमटते, आणि तिचा निळा रंग पिवळ्या दिव्याखालीही डोळ्यांना त्रास देत नाही.

दुसरा गुण म्हणजे तिची किंमत, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. माझ्याकडे भेट मिळालेली एक परदेशी शाई आहे. ती सुंदर आहे, पण तिने लिहायला घेतले की वाक्यही सणाचे कपडे घालून येते. रोजच्या लिखाणात खाडाखोड होते, अर्धे पान फाडावे लागते, कढीपत्त्यावर चार ओळी लिहून त्यातली एकच ठेवावी लागते. जी शाई जपून वापरावी लागते, तिच्याने हे होत नाही. कॅमलची दौत हाताशी असली की असा हिशेब मनात येत नाही.

मात्र कागदाची निवड काळजीने करावी. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या एका दुकानातून घेतलेल्या वहीत पहिल्या आठवड्यातच अक्षरे फुटू लागली. अनुस्वार पसरून शिरोरेघेला चिकटत होते, आणि पाठपोट लिहिणे तर अशक्यच झाले. यात शाईकडे बोट दाखवता येत नाही. ज्या कागदाला खळ कमी असते, त्याचे तंतू शाई ओढून घेतात, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत दमट झालेला कागद अधिकच ओढतो. जाड, गुळगुळीत कागदाची वही घेऊन ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू लागल्यावर हीच शाई स्वच्छ, रेखीव उमटली. पावसाळ्यात ती वाळायला थोडा वेळ लागतो, म्हणून टीपकागद जवळ असावा.

फाउंटन पेनच्या बहुतेक शायांप्रमाणे हिचाही रंग पाण्यात विरघळणारा असल्याने दस्तऐवज, अर्ज किंवा पाकिटावरचे पत्ते यांसाठी मी ती सुचवणार नाही. त्याच गुणामुळे पेन धुणे मात्र सोपे जाते. चित्रकलेची जलरोधक शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये, कारण तिच्यातली लाख वाळून चरे कायमचे बुजवू शकते.

दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 मध्ये हॉर्स ब्रँड शाईपासून या व्यवसायाची सुरुवात केली. 2011 मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला, तरी मराठी घरांतल्या अनेक पिढ्यांची शाळेची अक्षरे याच नावाच्या शाईने वळली आहेत, आणि एका मराठी माणसाने उभा केलेला हा व्यवसाय अजून शाई करतो, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

महिनाभर रोज लिहिण्याचा विचार असेल, तर 60 मिलीची बाटली घ्यावी, ड्रॉपर वेगळा ठेवावा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी निब व जीभ साध्या पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत, धुवावी.