आर आणि एक्सेलमधली ने-आण: रीडएक्सएल उत्तम, पण तारखा सांभाळा

एक्सेलची फाइल आर या सांख्यिकीच्या प्रोग्रामिंग भाषेत घ्यायला रीडएक्सएल हे पॅकेज (तयार फंक्शन्सचा संच) आजही पहिली पसंती. वेगळं जावा सॉफ्टवेअर लागत नाही, जुनी एक्सएलएस फाइलही उघडते, आणि वर शीर्षकांची गर्दी असेल तर रेंजमध्ये 'बी४:एफ२००' असा हव्या त्या चौकटींचा पट्टा दिला की काम झालं.

खरी अडचण रकान्याच्या प्रकाराची. तो पहिल्या १००० ओळींवरून ठरतो. त्या रिकाम्या असतील तर रकाना लॉजिकल (खरं-खोटं) समजला जातो आणि खालचा मजकूर एनए (किंमत नाही) होतो; इशारे येतात, पण ते वाचतो कोण! गेस_मॅक्स (प्रकार ठरवायला किती ओळी पाहायच्या) वाढवा, नाहीतर कॉल_टाइप्स (रकान्यांचे प्रकार) 'टेक्स्ट' ठेवा. मात्र मग तारखा ४५२९२ अशा आकड्यांत येतात (ही १ जानेवारी २०२४). तारीख परत मिळवायला आधी अ‍ॅज.न्यूमेरिक, मग अ‍ॅज.डेटमध्ये ओरिजिन (मोजणीची सुरुवात) '१८९९-१२-३०' द्या.

रीडएक्सएल फक्त वाचतं. लिहायला राइटएक्सएल हे पॅकेज वेगवान, पण सजावट जवळपास नाहीच. रंग, रकान्यांची रुंदी हवी तर ओपनएक्सएलएसएक्स. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलीत) मराठी नावांचा एक्सेलमध्ये कचरा होत असेल, तर रीडआर या पॅकेजचं राइट_एक्सेल_सीएसव्ही वापरा. ते फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे हे एक्सेलला सांगणारी खूण, घालतं.